कादंबरीतलं गाव शोधायला गेलो आणि आर्णीत मामा झालो

आमच्या नातीनं पुण्याहून येताना मला टॅब्लेट आणून दिला, अक्षरं मोठी कशी करायची ते शिकवलं, हा ब्लॉग काढून दिला आणि जाता जाता टॅब्लेटमध्ये हलक्याफुलक्या प्रेमाच्या कादंबऱ्या भरून गेली. तेव्हापासून माझी दुपारची झोप गेली ती गेलीच.

शाळेत मला कविता पाठ करायचा नाद होता. गुरुजींनी पहिली ओळ म्हटली की पुढची माझ्या तोंडून आपोआप निघायची. पुढं जन्म सरकारी कचेरीत गेला, पण कवितांच्या चाली डोक्यात तशाच राहिल्या. या कादंबऱ्यांतही मला तेच सुख मिळतं. पुढची ओळ आधीच ठाऊक असते. एक छोटं गाव असतं. गावात दुकान चालवणारी एक मुलगी असते, जरा तिखट. बाहेरगावचा एक पाहुणा येतो. चहाच्या टपरीवर बसलेल्यांना त्या दोघांचं प्रेम त्या दोघांच्या आधी कळतं. मध्यावर एक गैरसमज होतो, आणि शेवटी सगळं गाव मांडवात जेवतं.

"कुसुम," एका दुपारी मी बायकोला म्हणालो, "असं एखादं गाव आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही असेलच की."

ती तुरीची डाळ निवडत होती. "आपल्या जिल्ह्यात कापूस होते, सोयाबीन होते. प्रेम होत नाही. पाणी कमी पडते."

"मग पाहून येतो."

"या पाहून. पण कोणाच्या घरात शिरू नका."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

आता जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती. बाभुळगाव, नेर आणि आर्णी ही तिन्ही गावं यवतमाळच्या तीन दिशांना आहेत, म्हणून एका फेरीत होत नाहीत. रोज सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी यायचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवा, कारण कंडक्टर मागतो तेव्हा ते हमखास पिशवीच्या तळाशी असतं. बाभुळगावला स्टँडजवळ गरम आलूबोंडा खाल्ला. समोर मोटरसायकलवर एक तरुण जोडी इतकी गोड भांडत होती की मी दुसरा बोंडा मागवला. ते बहीणभाऊ निघाले. नेरला कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. एका झाडाखाली एक तरुण फोनवर अगदी हळुवार बोलत होता, "तू येशील ना? माह्यासाठी तरी ये." मी जवळ सरकलो. तो हार्वेस्टरवाल्याला विनवत होता.

नेरहून कुसुमसाठी पेढ्यांचा डबा आणला. तिनं तो उघडलासुद्धा नाही. "तुमची साखर तपासली तेव्हा डॉक्टर काय म्हणाले? उद्या आर्णीत कोणाला तरी देऊन टाका."

त्या रात्री मी ब्लॉगवर दोन ओळी टाकल्या, की उद्या आर्णी, वाचकांपैकी कोणी तिकडचं असेल तर भेटावं. माझे वाचक म्हणजे नात, तिच्या दोन मैत्रिणी आणि एक कोणीतरी अनोळखी. त्या अनोळखी माणसावर माझी फार भिस्त होती.

आर्णीचा रस्ता आता मोठा आणि गुळगुळीत झाला आहे. सकाळचं ऊन, दोन्ही बाजूंना फुटलेली पऱ्हाटी म्हणजे कापसाची झाडं, मधे पिवळट तुरी. खिडकीशी बसून मी जुन्या चालीवर दोन ओळी रचल्या आणि जरा मोठ्यानंच म्हटल्या:

"आर्णीच्या या वाटेवरती
तुरी डोलती, पऱ्हाटी हसती."

कंडक्टर शेजारीच उभा होता. "काकाजी, पऱ्हाटी हसून राह्यली हे बरोबर आहे," तो म्हणाला. "पण वेचायले बाई भेटत नाही म्हणून हसून राह्यली."

स्टँडसमोरच्या टपरीवर बसलो. पांढरा कुडता, त्यावर जाकीट, डोक्यावर टोपी, मांडीवर पेढ्यांचा डबा. चहा झकास होता, आलं ठेचून घातलेलं. मी सरळ कादंबरीतला प्रश्न विचारला.

"भाऊ, या गावात एखादी मुलगी स्वतःचं दुकान चालवते का?"

टपरीवाल्यानं गाळणी थांबवली. "आहे ना. फवारणीचे पंप दुरुस्त करते. काहून?"

"स्वभावानं कशी आहे?"

"कोठून आले तुमी?"

"यवतमाळहून."

"कायले विचारून राह्यले?"

"सहज," मी म्हणालो.

आमच्याकडच्या माणसाला काय घडलं ते इथंच कळेल. आपल्या लोकांत मुलीचं स्थळ पाहायला यायच्या आधी मुलाकडचं एखादं वडीलधारं माणूस गुपचूप गावात येतं आणि टपरीवर मुलीची चौकशी करतं. त्याला कोणी विचारलं की कशाला, तर ते नेहमी म्हणतं, सहज. आमच्या धाकट्या बहिणीच्या वेळी असेच एक गृहस्थ आले होते. हे सगळं मला ठाऊक असून त्या क्षणी डोक्यात आलं नाही. डोक्यात कादंबरी होती.

बाकावरचे सगळे सरसावले. एकजण म्हणाला, "पोरगी म्हंजे सोनं आहे पाहा. ऐन दिवाळीत माहा पंप करून देल्ला."

"तोंडाची जराशी तेज आहे," कोपऱ्यातून दुसरा बोलला.

"तू गप राय बे," टपरीवाला त्याच्यावर उखडला. "तुले रांगेत उभं केलं म्हणून बोलून राह्यला. काकाजी, त्याचं नका ऐकू. प्रणाली आमच्या डोळ्यांपुढं वाढलेली पोरगी आहे." आणि तो फोन घेऊन किटलीच्या मागं गेला.

दुसरा चहा संपायच्या आत एक गृहस्थ स्कूटरवरून आले, शर्टाची बटणं लावत. मुलीचे वडील, वासुदेवराव. शेती कापसाची आणि तुरीची, घर बाजारपेठेत. त्यांनी माझ्यापुढं वाकून हात जोडले.

"आधी सांगतलं असतं तर मी स्वतः घ्यायले आलो असतो ना. आमी कवापासून वाट पाहून राह्यलो. तुमच्याबद्दल लय ऐकलं आहे."

माझा ऊर भरून आला. तो अनोळखी वाचक हाच.

"बाकीचे मागून येऊन राह्यले ना?"

"ज्यांना आवड असेल ते येतील," मी नम्रपणे म्हणालो.

घर म्हणजे पुढं दुकान, मागं राहणं. दुकानात पंप टांगलेले, नळ्या, वॉशर, बॅटऱ्या. बैठकीत नवी चादर, सगळ्यात चांगली खुर्ची मला. पोहे आले, वर तर्री, बाजूला चिवडा. मी पेढ्यांचा डबा मुलीच्या आईच्या हातात दिला तेव्हा त्या माउलीनं तो आधी देवापुढं ठेवला. एका वाचकाच्या घरी ब्लॉगचा एवढा मान पाहून मला मनातून फार बरं वाटलं.

"मले भाऊ नाही," ती पदर सावरत म्हणाली. "आमी साऱ्या बहिणीच. पोरीले मामा कसा असते ते माहीतच नाही. तुमच्यासारखं मोठं माणूस घरात बसलं का कसं भरल्यासारखं वाटते."

मग प्रणाली चहा घेऊन आली. निळी साडी, नखांच्या कडेला धुऊनही न निघालेलं ग्रीस.

"विचारा मामाजी, काय विचारायचं ते," वासुदेवराव म्हणाले. आमच्याकडे थोरामोठ्याला काका म्हणतात, मामाही म्हणतात. मी ते पोह्यांबरोबर गिळलं.

"दुकान आवडतं का, बेटा?"

तिनं ट्रे खाली ठेवला. बापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"मामाजी, बाबांनी तुमाले सांगतलं नसंल, तर मी सांगते. हे दुकान माहं आहे. लग्न झालं म्हणून मी घरी बसणार नाही. जिथं जाईन तिथं दुकान काढीन. हे चालत नसंल तर आताच सांगा, पोहे खाऊन झाले का."

वासुदेवरावांना खोकला लागला. आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, पोरगी माझं, एका अनुभवी वाचकाचं, मत विचारते आहे. मी बशी बाजूला ठेवली.

"बेटा, दुकान अजिबात सोडू नकोस," मी म्हणालो. "मी आजवर जेवढ्या कादंबऱ्या वाचल्या, त्यात दुकान सोड म्हणणारा माणूस मध्यावरच गावाबाहेर जातो. शेवटपर्यंत टिकतो तो शटर उचलायला मदत करणारा."

वासुदेवराव उठले आणि दारातूनच शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागले, "मामाजीनं होकार देल्ला. दुकान सोडायचं नाही म्हणतात." प्रणाली हसली. आल्यापासून पहिल्यांदाच तिचे खांदे खाली आले.

तेवढ्यात दारात एक गाडी थांबली. मुलीला पाहायला येणार असलेली दिग्रसची मंडळी उतरली. मुलगा मंगेश, त्याची आई, आणि जाकीट-टोपीतले, भरघोस मिशांचे एक गृहस्थ. तेही हातात पेढ्यांचा डबा घेऊन. ते आत आले आणि त्यांची नजर माझ्या खुर्चीवर, मग माझ्या रिकाम्या बशीवर गेली.

"हे पोरीचे आजोबा काय?" त्यांनी विचारलं.

"नाही ना," वासुदेवराव गोंधळले. "हे तुमचेच मामाजी."

"मामा तर मी आहो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पेढे, खुर्ची, 'सहज', टपरी, एकेक ओळ मला उलट्या क्रमानं आठवली. कादंबरीतला गैरसमज शोधत मी तीन दिवस एसटीनं हिंडत होतो. तो माझंच जाकीट घालून बसला होता.

उठून उभा राहिलो. "माफ करा," मी म्हणालो. "मी इथं फिरायला आलो आहे."

"फिरायले," खरे मामा सावकाश म्हणाले. "आर्णीत."

त्यांना सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर त्यांच्या आधी कोणीतरी पोहे खाल्ल्याचा. मी त्यांना खुर्ची दिली. ते तिच्यावर बसले नाहीत. मी दाराकडे निघालो तर प्रणाली मधे आली.

"थांबा. तुमाले जे सांगतलं तेच आता यायले सांगते, म्हंजे माह्या बोलण्यात फरक नको." आणि तिनं दिग्रसच्या मंडळींपुढं तेच बोलणं पहिल्यापासून म्हटलं, वासुदेवराव भिंतीकडे पाहत असताना. मी ऐकलं होतं म्हणून सांगतो, दुसऱ्या वेळी तिचा आवाज एकदाही कापला नाही.

"आमच्या घरच्या सुना दुकानात बसत नाहीत," मामा म्हणाले.

मंगेशची आई त्यांच्याकडे वळली. "दादा, तुझ्या घरच्या बसत नसतील," ती म्हणाली. "माह्या घरची सून अजून यायची आहे."

मंगेश मात्र बैठकीच्या दारातून दुकानाकडे पाहत होता. "कळवतो," म्हणून मंडळी उठली. पोहे तसेच राहिले.

परतीच्या बसमध्ये मला एकही चाल सुचली नाही. माझ्या होकारानं ती पोरगी धीट झाली, आणि त्या धीटपणामुळं तिचं स्थळ गेलं तर? वडिलांनी आर्णीभर सांगून ठेवलं होतं. आता आर्णीभर उलटं सांगावं लागणार होतं.

"कोणाच्या घरात शिरू नका म्हटलं होतं," कुसुम म्हणाली, आणि डाळ निवडायला बसली. ते जास्त लागलं. त्यानंतर कितीतरी दिवस मी टॅब्लेट उघडला नाही. हे प्रवासवर्णनही अर्धंच राहिलं, कारण शेवट मला ठाऊक नव्हता.

मग एका दुपारी वासुदेवराव दारात उभे. माझं आधार कार्ड पाहिलेल्या त्या कंडक्टरला गाठून, विचारत विचारत त्यांनी आमचं घर शोधलं होतं. हातात लग्नपत्रिका.

"जमलं ना, काकाजी," ते बसता बसता म्हणाले. "तो पोरगा मागून एकटाच आलता, गाडीवर पंप बांधून. प्रणालीनं सारा खोलून पाह्यला. म्हणे, याले काहीच झालं नाही. तो म्हणे, मले माहीत आहे. मग दोघंही लय वेळ तो पंप जोडत बसले. आमी कायले आत जातो."

"आणि ते मामा?"

"रुसले आहेत. आता लग्नात पयले पोहे त्यायलेच." मग ते जरा घुटमळले. "एक मागणं आहे. मांडवात पोरीमागं मामा उभा राह्यतो. आमच्या घरी मामा नाही. पोरगी म्हणते, ते यवतमाळचे काकाजी येतील का पाहा."

मी काही म्हणायच्या आत कुसुम आतून पाणी घेऊन आली. "येतील," ती म्हणाली. "मी घेऊन येईन."

तर गेलो. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं सुरू, लाउडस्पीकर खरखरतो आहे. मंगलाष्टकांची चाल मला शाळेपासून पाठ. शेवटची ओळ भटजींच्या आधी माझ्या ओठांवर होती. पलीकडे मंगेशच्या मागं मिशीवाले मामा, अलीकडे प्रणालीच्या मागं मी. पोरीनं मान न वळवता हळूच विचारलं, "मामाजी, या टायमाले बरोबर पार्टीतच उभे आहात ना?"

"आता बरोबर आहे," मी म्हणालो. मला पुढचं नीट दिसलं नाही. चष्म्याला अक्षता लागल्या होत्या असं मी कुसुमला सांगितलं.

घरी आल्यावर कुसुमनं टॅब्लेट मागून घेतला. आता दुपारी ती वाचते आणि डाळ मी निवडतो. मधूनच ती हसते, कशाला ते सांगत नाही. मी खडे वेचता वेचता त्या दोन पंपवाल्यांचा विचार करतो. दिग्रसला दुकान उघडलं आहे म्हणतात. शटर कोण उचलतं, ते एकदा जाऊन पाहायचं आहे.

तुम्ही आर्णीला जाणार असाल तर स्टँडसमोरचा आल्याचा चहा जरूर घ्या. कोणी विचारलं कशाला आलात, तर 'सहज' म्हणू नका. आणि तोंडून गेलंच, तर पेढे सोबत असू द्या.