चढावर थांबलेली गाडी

मास्तरांनी सत्तावीस वर्षांत किती जणांना गाडी शिकवली याची नोंद कुठेच नव्हती, पण फुशारकी भरपूर होती. "या शहरातली निम्मी माणसं माझ्या हाताखालून गेलीत," असं ते म्हणायचे. सिग्नलला कुणी ओळखीचं हसलं, की शेजारच्या शिकाऊ माणसाला कोपराने ढोसून सांगायचे, "बघा, हाही आपलाच." उरलेली निम्मी माणसं बहुधा पायी फिरत असावीत.

त्यांच्या पांढऱ्या गाडीला समोर आणि मागे शिकाऊची लाल पाटी होती आणि मास्तरांच्या पायाशी वेगळा ब्रेक. इंजिन खोकायचं, पण पत्रा काल शोरूममधून आणल्यासारखा. पोचा आलेली गाडी पाहिली की शिकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, असं त्यांचं ठाम मत. साधा ओरखडा उठला, तरी दुसऱ्या दिवशी गाडी डेंटिंगवाल्याच्या दारात उभी असायची. मला विचाराल तर सवय चांगलीच होती. माणसाचा घात काय फक्त वाईट सवयीच करतात? पण हे मास्तरांना कुणी सांगितलं असतं, तर त्यांनी त्यालाच हँडब्रेक ओढायला लावला असता.

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकायला आलेल्या ताई घड्याळं दुरुस्त करायच्या. त्यांचं दुकान जिन्याखाली होतं. दोन गिऱ्हाइकं आली की एकाने फुटपाथवर थांबायचं. डोळ्याला भिंग आणि हातात चिमटा, पण खरी मदार बोटांवर. डोळ्यांना न दिसणारा स्क्रू त्या बोटाच्या टोकाने चाचपून काढायच्या. नवरा गेल्यापासून घर त्या बोटांवरच चाललं होतं. गाडी शिकायची ती सासूबाईंना दवाखान्यात न्यायला.

मंगळवारी सकाळी धडा होता चढावर गाडी उचलण्याचा. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या चढावर मास्तरांनी गाडी थांबवायला लावली. "हँडब्रेक ओढा, ताई. आता निवांत श्वास घ्या. गाडी कुठे पळून जात नाहीये."

ताईंनी हँडब्रेक ओढला, श्वास घेतला, आणि मागून धाडकन धडक बसली. ताईंची मान मागे गेली आणि तितक्याच जोरात पुढे आली. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं.

मागच्या गाडीतून हातात मोबाइल घेऊन उतरलेला माणूस पाहून मास्तरांचा चढलेला पारा मध्येच थांबला. हा आपलाच! सहा वर्षांपूर्वी शिकून गेलेला. गिअर बदलायची याला इतकी घाई, की मास्तरांनी त्याचं नावच 'घाईसाहेब' ठेवलं होतं.

"मास्तर, तुम्ही?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "चुकलं माझं. मोबाइल बघत होतो. पण पोलिसांत नका ना जाऊ. गाडीचा विमा संपलाय. आज करतो, उद्या करतो म्हणत राहिला तो. तुम्ही शिकवलंय मला, एवढं सांभाळून घ्या."

शेवटचं वाक्य मास्तरांच्या बरोबर वर्मी बसलं. आपल्या विद्यार्थ्याने आपल्याच गाडीला ठोकलं, ही बातमी पोलिसांच्या कागदावर गेली तर चारचौघांत काय तोंड दाखवायचं? ते ताईंकडे वळले. "लागलं का कुठे?"

"मान जरा अवघडलीय. पण मास्तर, तक्रार द्यायला नको का?"

"जाऊ दे हो. आपलाच आहे. काही लागलं तर मी आहे ना."

ताईंनी विश्वास ठेवला. मास्तर सांगतील तेव्हा क्लच सोडायचा आणि मास्तर सांगतील तेव्हा थांबायचं, एवढंच त्या दोन आठवडे शिकत होत्या. घाईसाहेबांनी नंबर दिला, हात जोडले आणि निघून गेले. मास्तरांनी मागे जाऊन पाहिलं. बंपर मधोमध आत बसला होता आणि डिकीचं झाकण तिरपं झालं होतं. फोटो काढायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

शुक्रवारी ताईंच्या हातून एक स्क्रू पडला. त्यात नवल काही नाही, पडतो. पण त्यांना तो पडलेला कळलाच नाही. मग चिमटा पडला. रविवारपर्यंत उजव्या हाताची तीन बोटं असून नसल्यासारखी झाली. डॉक्टरांनी मानेचे फोटो पाहिले, बोटांना सुई टोचून पाहिली आणि विचारलं, "धडक कधी बसली म्हणालात?" ताई तारीख सांगत होत्या आणि डॉक्टर वर न बघता लिहीत होते. त्या लिहिण्याचीच ताईंना भीती वाटली.

मास्तरांनी घाईसाहेबांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. दुसऱ्या दिवशी लागलाच नाही. मास्तरांची बायको म्हणाली, "काम होईपर्यंत मास्तर, मास्तर! आता बसा फोन लावत." मास्तरांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

शेवटी ताईंनीच तक्रार दिली. चौकीतल्या साहेबांनी ताईंना आणि मास्तरांना बोलावून घाईसाहेबांचा जबाब वाचून दाखवला. विमा नव्हता हे कबूल, त्याचा दंड भरतो. पण धडक मी दिलीच नाही. मी मागे थांबलो होतो. शिकाऊ बाईंकडून गाडी सुटली, चढावरून मागे घरंगळली आणि माझ्यावर आदळली.

"खोटं आहे! हँडब्रेक ओढलेला होता," मास्तर ओरडले.

"असेल," साहेब शांतपणे म्हणाले. "पण चढावर शिकाऊ माणसाची गाडी मागे येते, हे कुणालाही पटेल. तुम्हीच सांगा, नाही येत?"

मास्तरांना ठाऊक होतं. येते. गेली सत्तावीस वर्षं ती रोज मागे येत होती.

"साक्षीदार नाही. त्या दिवशी तक्रार नाही," साहेब पुढे म्हणाले. "एक गोष्ट मात्र आहे. घरंगळलेल्या गाडीला नुसता पोचा येतो, भरधाव गाडीने ठोकलं तर बंपर आत बसतो. जाणकार माणूस बघून सांगेल. गाडी आहे तशी घेऊन या."

ताईंचा चेहरा आठवड्यात पहिल्यांदा उजळला. "मग प्रश्नच मिटला! मास्तर, गाडी बाहेरच आहे ना? चला, दाखवू."

मास्तर खुर्चीतून उठेनात. त्यांचा नुसता जीव जात होता, आणि तो गेला असता तर त्यांना बरंच वाटलं असतं. ताई तोवर बाहेर पोचल्या होत्या. साहेब मागोमाग गेले, आणि सगळ्यांच्या शेवटी मास्तर.

दुपारच्या उन्हात गाडी लखलखत होती. धडकेच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, तिला नवा बंपर बसला होता आणि डिकीवरचा रंग कुठे जुना, कुठे नवा हे डेंटिंगवाल्यालाही सांगता आलं नसतं. साहेबांनी वाकून पाहिलं आणि ते आत निघून गेले.

ताईंनी उजवा हात पुढे केला आणि तिन्ही बोटं त्या पत्र्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "काहीच राहिलं नाहीये का हो? मला हाताला कळत नाही."