खंडेनवमीचा पाना

पंडित फिटर म्हणजे जिभेचा लय वाईट माणूस. सकाळी "कसं काय पंडितराव?" म्हणलं, तर "डोळ्याला दिसंना का तुमच्या?" म्हणायचा. पण आमच्या जिनिंगमदलं कापसाच्या गठाणी दाबायचं मोठं प्रेस त्याच्याबिगर कुणाचंच ऐकत नव्हतं. मी नर्मदाबाई, वालूरची. तिथं कापूस निवडायची. दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली जे झालं ते मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. कुणी मला येगळं सांगू नये.

जमिनीत खोल खड्डा आन त्यात खांबाएवढा दट्ट्या. पंपानं तेल आत ढकललं की दट्ट्या वर जायचा, त्याच्या डोक्यावरची लोखंडी फळी रुई दाबायची. व्हॉल्व उघडला की तेल माघारी, फळी खाली. पंडित नळीवर नुसता तळहात ठेवायचा आन सांगायचा, तेल कुठं गळायलंय, हवा कुठं अडकलीय. त्या साली मॅनेजर व्यंकटरावाला सांगून सांगून त्याचा घसा कोरडा पडला, "व्हॉल्व तेल धरंना. नवा आणा, न्हाई तर वर गेलेली फळी आपोआप खाली येती." व्यंकटराव म्हणायचा, "हंगाम तर सुरू होऊ दे."

आली खंडेनवमी. त्या दिवशी इंजन बंद. समदे पाने, हातोडे धुऊन पाटावर मांडायचे, पूजा करायची. एकदा कुंकू लागलं की दसऱ्यापस्तोर हात लावायचा न्हाई. प्रेसची फळी आदल्या दिवशीच वर काढून तिच्यावर समई, नारळ ठेवायचा, मालकाच्या पाव्हण्यांना दिसावं म्हून. पंडित बौद्ध. तो पूजेला उभा राहत नसायचा, बाहेर बिडी वढत बसायचा.

मालक आबासाहेब आले, पाव्हणे आले, भटजी आला. आरतीचं तबक पेटवलं आन मला दिसलं, फळीपासून खांबाला बांधलेली झेंडूची माळ ताणायलीय. तटकन तुटली. समईसकट फळी खाली यायलती.

"पंड्या!" आबासाहेब वरडले.

पंडितनं येऊन बघितलं. "पाना द्या. व्हॉल्व आवळतो, हातपंपानं तेल भरून फळी उचलतो. आत्ता होतंय."

"पान्याला कुंकू लागलंय," व्यंकटराव म्हणला. "खालून लाकूड लाव."

"व्हॉल्व न आवळता फळीखाली हात घालू? माझा हात काय रस्त्यावर पडलाय?"

"तुला देव न्हाई म्हून आमाला बी नसावा व्हय रे?" व्यंकटराव म्हणला. " जमत न्हाई म्हण की. दुसरा फिटर बघतो. सत्यशीलालाबी सांग, उद्यापून कामाला येऊ नको."

सत्यशीला त्याची बायको, माझ्याच शेजारी बसून कापूस निवडायची. पंडितनं बाभळीचा ठोकळा घेतला आन उतरला खड्ड्यात. डोस्क्यात राग होता, घाई केली. ठोकळा सरळ करायला उजवा हात फळीखाली घातला आन व्हॉल्वनं उरलासुरला दम सोडला. फळी बसली. ठोकळा कलंडला, हात मनगटापस्तोर आत.

दात खाऊन म्हणला, "पाना आणा. ठोकळ्यानं थोडं वजन धरलंय. बिगीनं आणलं तर हात वाचंल."

कुणी हाललं न्हाई. व्यंकटराव आबासाहेबाकडं बघायलता, आबासाहेब भटजीकडं. भटजी म्हणला, "आरती झाल्याबिगर मांडलेलं हलवू नये."

"मग आटपा लवकर," आबासाहेब म्हणले.

आटपा! मुडदा बशिवला त्यांचा! खाली माणूस चिरडायलाय आन हे टाळ्या वाजवायलेत! पंडित मायच्या नावानं वरडायला लागला, तसा ह्यांनी घंटीचा आवाज वाढवला. मी उठले. केशरबाईनं पदर धरला, "बये, पाप लागंल." म्हणलं, लागू दे. पदर हिसकला, पाटावरचा मोठा पाना उचलला, फुलं गेली उडत.

पंडित खालून सांगायलता, "चौकोनी दांडी... तीच... आवळ." आवळली. हातपंपाला लोंबकळले, तवा कुठं दोघं गडी धावले. फळी बोटभर उचलली, हात निघाला. त्याला हात म्हणायचं का काय, मला सांगवत न्हाई. परभणीच्या दवाखान्यात मनगटातून कापला.

मला त्याच सांजंला कामावरून काढलं. पान्यावर गोमूत्र शिंपडलं. आन गावभर काय झालं, तर नर्मदीनं खंडेनवमीला पाना उचलला, म्हून पंडितचा हात गेला! अरे भाड्यांनो, पाना उचलायच्या आधीच हात अडकला होता की! पण ऐकतंय कोण? मालकच तसं सांगायलते.

पुढच्या साली नवमीला मी मुद्दाम गेले. पाटाशेजारी पंडित बसलेला. कपाळाला कुंकू. व्यंकटराव नव्या गड्यांना घेऊन आला आन म्हणला, "दाखव."

पंडितनं बाही वर केली. "नवमीला पाना हलला. देवी कोपली."

माझ्या अंगाची आग आग झाली. "पंडित, खरं काय ते सांग की रे!"

त्यानं मान वर केली न्हाई. "सत्यशीलाचं काम राहिलंय, बाई. मलाबी इथं बसवलंय."

आरती सुरू झाली. मी पाटाजवळ सरकले, तसा त्यानं डावा हात आडवा घातला.

"लांब व्हा, नर्मदाबाई," म्हणला. "पान्याला हात लावू नका."