गोचिडांची भिंत

दिघीत सोजराबाईंच्या गोठ्यात पाऊल टाकायचं तर आधी पाय धुवावे लागत. कुणी कुरकुरलं की त्या म्हणत, "मंग बाहेरूनच राम राम करा." शेण पडलं रे पडलं की उचललं, रोज झाडलोट, उकिरडा लांब बांधाला. अंगणात कोंबड्या मोकळ्या सोडलेल्या, त्या गोचीड टिपत फिरायच्या. कोंबडीच्या चोचीतून सुटलेला गोचीड सोजराबाईंच्या चिमटीतून सुटत नसे. गाईच्या कानामागून, कासेच्या खोबणीतून एकेक ओढून त्या रॉकेलच्या डबीत टाकत बसायच्या आणि प्रत्येकाला एक शिवी हासडायच्या. नवरा हिंदुराव पिंपरीच्या कंपनीत कामाला. शिफ्ट संपवून दमून आला तरी भाकरीच्या आधी त्याला गाईची हकीकत ऐकावी लागे.

गाय संकरित होती. कंपन्यांच्या वसाहती वाढल्या, दुधाला गिऱ्हाईक आलं, तेव्हा गावात अशी गाय पहिल्यांदा आणली ती सोजराबाईंनी. ती पहिली गाय वर्षाच्या आत गोचीडतापानं गेली. त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. आता बाई परत या फंदात पडायची नाही, असं गाव म्हणालं. बाईंनी दुसरी आणली! हट्टी म्हणा, खुळी म्हणा, पण अशी छाती गावात दुसऱ्या कुणाची नव्हती.

या खेपेला त्यांनी चांगलाच धडा घेतला होता, असं त्यांना वाटत होतं. गोचीड गावालगतच्या मिलिटरीच्या रानातून चिकटून येतात, हे सगळ्या दिघीचं मत. म्हणून त्यांनी गाय चरायला सोडणंच बंद केलं. डोक्यावरून गवताचे भारे आणायच्या आणि गाय दिवसभर गोठ्यात, दिराच्या गोठ्याकडच्या मधल्या भिंतीच्या सावलीला बांधून ठेवायच्या. तरी गोचीड हटेनात. पावसाळ्याच्या तोंडाला गाईनं कान पाडले. कानाखाली गाठी आल्या, अंग तापलं, वैरणीला तोंड लावेना.

गुरांचे डॉक्टर भोसरीहून आले. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मग इकडं-तिकडं बघत एक काडी उचलून मधल्या भिंतीच्या फटीत घातली. काडीबरोबर गोचिडांचा लोंढा बाहेर आला.

"बाई, तुम्ही गाय रोगाच्या दारातच बांधलीत," डॉक्टर म्हणाले. "इथंच अंडी घालतात, इथंच वाढतात. फटी जाळा, बुजवा, भिंत लिंपून काढा. दोन्ही बाजूंनी. नाहीतर ही वाचली तरी पुन्हा ताप येईल."

पण ती भिंत लिंपायची सोय नव्हती. हिंदुराव आणि थोरला भाऊ दौलतराव यांच्या वाटणीत एकाच मोठ्या गोठ्याच्या मधोमध ती उभी राहिली होती, आणि ती कुणाची यावरून दोघांत बोलणं बंद झालं होतं. गावात रीत अशी की जो लिंपेल त्याची भिंत. म्हणून दोघांनीही तिला हात लावला नव्हता. एका दिवाळीला घर लिंपता लिंपता सोजराबाईंचा हात चुकून तिच्यावर फिरला, तर दौलतरावांनी पंच बोलावले होते. एवढ्या लख्ख घरात ती एकच भिंत उघड्या दगडांची, फटीफटींची राहिली. गोचिडांना आणखी काय हवं?

हिंदुरावानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "लिंपलीस तर दादा कोर्टात जाईल. त्याला इचारलंस तर भिंत त्याची झाली. तिला हात लावायचा न्हाई."

"भिंत दूध देती व्हय?" सोजराबाई कडाडल्या. "मागल्या साली भिंत राखली आन् गाय घालवली आपण."

दुसऱ्या दिवशी हिंदुराव कंपनीत गेला. सोजराबाई डोक्यावर पदर घेऊन दौलतरावांच्या अंगणात उभ्या राहिल्या. तिथं पंचांतले सोपानराव आणि आळीतली चार माणसं बसलेली होती. ती माणसं असतानाच बोलायचं, हे त्यांनी ठरवलंच होतं.

"भावजी, भिंत तुमची. ह्या चारचौघांसमोर सांगते. फकस्त मला ती लिंपू द्या, दोन्ही अंगांनी. गाय मरती माझी."

हेच ऐकायला दौलतराव इतकी वर्षं टपले होते. पण त्यांना हसू फुटलं नाही. त्यांनी दावणीच्या बैलाकडं पाहिलं. त्याचेही कान गोचिडांनी भरले होते.

"हिंद्याला ठावं हाय?"

"न्हाई. त्येंचं काय ते मी बघंन."

"लिंप," दौलतराव म्हणाले.

सोजराबाईंनी गुरं लांब बांधली, रॉकेलचे पलिते केले आणि फट न् फट जाळली. आत गोचीड तडतडत होते. मग दौलतरावांच्या अंगणात माती, शेण, भुसा कालवून त्या एकट्याच चिखल तुडवायला लागल्या. जाऊ आक्काबाई दारातून बघत राहिली. थोड्या वेळानं दौलतराव उठले, वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि चिखलात उतरले.

"तू भिंतीकडं जा. तुडवायचं मी बघतो."

संध्याकाळी हिंदुराव सायकलवरून आला. वाटेतच त्याला बातमी कळली होती, तो रागानं लाल होऊन थेट भावाच्या अंगणात शिरला. थोरला भाऊ गुडघाभर चिखलात होता. त्यानं मान वर केली नाही.

"उभा काय ऱ्हायलास, हिंद्या? माती आण. तुझ्या अंगाची भिंत ऱ्हायलीया अजून."

हिंदुरावानं सायकल टेकवली आणि घमेलं उचललं.

गाय जगेल की नाही, हे त्या संध्याकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं. ती जगली. पण सोजराबाई रडल्या त्या आधीच, त्याच संध्याकाळी, भिंतीकडं तोंड करून, लिंपता लिंपता.