कोणत्या अंगाले हाये, जंगलूभाऊ?

जंगलू उईके चाळिशीपर्यंत माती वाचून जनावर शोधत आला. १९८५ साली सेलू तालुक्यातल्या जंगलात बिबट्यांचा अभ्यास करणारे एक साहेब आले. त्यांनी एका मादीच्या गळ्यात पट्टा बांधला आणि त्या पट्ट्याची टिकटिक ऐकण्याचं यंत्र जंगलूच्या खांद्याला अडकवलं. हातात टीव्हीच्या अँटेनाचा लहान भाऊ शोभेल असा सांगाडा. तो फिरवायचा, आवाज मोठा येईल तिकडे जनावर.

पहिले आठ दिवस नुसती फजिती. टिकटिक कड्यावर आपटून उलटी येई आणि हा बहाद्दर छाती काढून रिकाम्या कड्याकडे बोट दाखवी. साहेबांनी बजावलं, "एका जागेवरून कधीच सांगायचं नाही. टेकडीवरून पाहा, मग तलावाच्या पाळीवरून. दोन रेघा कापतात तिथं ती." जंगलूला ते पटलं आणि जमलंही.

तेंदूपत्त्याच्या हंगामात बाया सकाळीच त्याच्या अंगणात येऊ लागल्या. "कोणत्या अंगाले हाये, जंगलूभाऊ?" तो दोन्हीकडे जाऊन येई, मगच बाया निघत. नवऱ्याला एवढं विचारतात म्हणून रामबाईचा ताठा काही औरच होता.

हंगाम सरत आला तेव्हा जवळची पानं संपली होती. त्या दिवशी जंगलू टेकडीवरून उतरतो न उतरतो तोच रामबाई म्हणाली, "काऊन येळ करून राह्यले? ऊन चढून राह्यलं. सांगा न पटकन."

बाया खोळंबल्या होत्या. तो पाळीवर गेलाच नाही.

"कड्याकडे हाये," तो म्हणाला. "तुमी नाल्यात जा."

मादी नाल्यातच होती, बछड्यांसह. तिला पिल्लं झाल्याचं साहेबांनाही ठाऊक नव्हतं. रामबाई झुडपाशी वाकली आणि मादीनं तिचा गळा धरला. बायांनी आरडाओरडा करून जनावर हुसकलं, पण घरी आणलं ते प्रेतच. साहेब समजावत राहिले, दोष आवाजाचा आहे, तुझा नाही. जंगलूच्या मनाला ते शिवलंही नाही. दोष कोणाचा ते त्याला पक्कं माहीत होतं.

चौथ्या दिवशी मादीला धरायला माणसं आली. यंत्र त्याच्याइतकं सराईत चालवणारा दुसरा होता कोण? जंगलू टेकडीवर गेला, तिथून पाळीवर गेला. परत येऊन म्हणाला, "मोठ्या मोहाच्या खालच्या अंगाले." मादी तिथंच सापडली.

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अगदी अचूक, जंगलू."

जंगलूनं यंत्र त्यांच्या पायाशी ठेवलं.

"पाऊण घंटा लागला, साहेब," तो म्हणाला. "त्या दिवशीबी तेवढाच लागला असता."