हिल्डाआत्याची सरदारीण

आमच्या वसईच्या आळीतल्या निम्म्या नवऱ्या हिल्डाआत्याने शिवलेला झगा घालून लग्नाला उभ्या राहिल्या. चर्चच्या वेदीवरची भरतकामाची चादरही तिचीच. पण सणाच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेच्या शेवटी, आभार मानले ते कापड देणाऱ्या घराचे. सुई कोणाची, हे कोणी विचारलंच नाही. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "माजं नाव घेतलं असतं तर काय जीभ झिजली असती?" मी तेव्हाच भांडायला निघाले होते. तिनेच मला हाताला धरून बसवलं.

अठ्ठ्याहत्तर साली माझे वडील बोटीवरून रजेला आले ते एक विलायती कॅलेंडर घेऊन. त्यात भिंतीवर टांगायच्या एका जुन्या विणलेल्या पडद्याचं चित्र होतं. चारशे वर्षांपूर्वीची इटलीतली सरदारीण, गळ्यात मोती, मांडीवर पांढरं कुत्रं आणि नजर अशी, की समोरच्याने आधी नमस्कार करावा. आत्याला ती नजरच आवडली. म्हणाली, ही मी भरणार आणि माझ्यासाठी भरणार. मग गिऱ्हाइकांचे झगे सांभाळून मॅटीच्या कापडावर लोकरीने भरणं सुरू झालं. ते नाक किती वेळा उसवलं, ते तिचं तिलाच ठाऊक. काही वर्षांनी सरदारीण पुरी झाली आणि ओटीवर लागली.

ऑक्टोबरात आमच्याकडे घरोघरी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना असते. आमची पाळी आली. प्रार्थना सांगायला आळीतल्या मार्थाबाई. आल्या आल्या त्यांनी मेणबत्ती लावली ती थेट सरदारणीपुढे.

"मार्थाबाय, ती देवाची नाय," आत्या म्हणाली. "इटलीतली सरदारीण हाय. मी भरलीय."

"असं बोलू नये गो. मांडीवर कोकरू हाय, म्हंजे कोनती तरी संत असनार. खाली नाव नाय, म्हून कळत नाय."

कुत्र्याचं कोकरू झालं आणि आत्याचं "मी भरलीय" कोणाच्या कानातच शिरलं नाही. बायका गेल्यावर ती लोकरीवरचं मेण खरवडत बसली.

"नाव नाय काय? घालते नाव."

तिने सरदारणीच्या पायाशी लालभडक लोकरीने हातभर अक्षरं भरली : हिल्डा. आता आंधळ्यालाही कळेल, असं आम्हा दोघींना वाटलं. मूर्खच आम्ही.

पुढच्या ऑक्टोबरात मार्थाबाई ओटीवर चढल्या, त्यांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. सगळ्यांनी गुडघे टेकले, रोझरी संपली, संतांची नावं सुरू झाली, आणि शेवटी खणखणीत आवाजात त्या म्हणाल्या, "हे संत हिल्डा..."

"आमच्यासाठी विनंती कर!" अख्खी ओटी म्हणाली.

मी आत्याकडे बघितलं. ती सगळ्यांत मागे, दाराशी गुडघे टेकून होती. जन्मभर जे नाव कोणी घेतलं नाही, ते आळीने हात जोडून घेतलं होतं, आणि तिच्याकडे एकीनेही मान वळवली नव्हती.