टाकीतले जंतू कोण मारतं?

नदीकाठच्या त्या गावच्या सांडपाणी केंद्रावर शेषराव सहा वर्षांपासून आहेत. गावाच्या लेखी ते 'गटारीवाले'. स्वतःच्या लेखी कोट्यवधी जंतूंचे कारभारी. टाकीत हवा सोडायची, जंतूंनी घाण खायची आणि स्वच्छ पाणी नदीत जायचं, एवढा साधा मामला. रोज सकाळी काचेच्या भांड्यात टाकीचं पाणी घेऊन ते अर्धा तास समोर बसतात. तपकिरी गाळ खाली बसला, वर नितळ पाणी दिसलं, की मगच त्यांना चहा गोड लागतो.

ऑगस्टात बिनसलं. गाळ बसेना, पाणी गढूळच, वर मळकट फेस. हवा नीट चालू होती, तरी जंतू मरत होते. ठेकेदाराने फोनवर सुनावलं, "सोमवारी नमुना लॅबले जाते. नापास झाला त मी दुसरा माणूस पाहतो." पन्नाशी उलटलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार? पण शेषरावांच्या भीतीपेक्षा संशय मोठा. कोणीतरी गटारीत मुद्दाम विष ओततंय, हे त्यांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

पहिला नंबर डेअरीवाल्या अविनाशचा. त्याच्या मागच्या गटारीचं झाकण उघडून शेषराव नाक खुपसून बसले. नासक्या दुधाशिवाय काही वास येईना.

"काय हुंगून राह्यले हो काका?" अविनाशने विचारलं.

"तुले काऊन सांगू?" म्हणत त्यांनी झाकण आपटलं.

मग गॅरेजवाला झाला, फिनाइलवाला झाला. पानटपरीवर कोणी हसलं तरी ते आपल्यालाच हसलं, असं त्यांना वाटे. माणूस सरळ, पण डोक्यात एकदा किडा शिरला की बाहेर निघायचं नाव नाही.

शनिवारी संध्याकाळी एकेक झाकण उघडत ते स्वतःच्याच गल्लीत आले. तिथे मात्र नाकाला झोंबणारा दर्प आला, कपाशीवर मारतात त्या औषधाचा. तो हुंगत ते थेट आपल्या परसात पोचले. न्हाणीत तानुबाई फवारणीचा पंप विसळत होत्या. पांढरं पाणी मोरीत चाललं होतं.

"हे काय करून राह्यली तू?" शेषराव बायकोवर ओरडले.

"पंप धुऊन राह्यली. दिसत नाही काय?"

"न्हाणीत?"

"मंग कुठी? तुमीच त देवळात माईक घेऊन सांगतलं, नदीवर पंप धुवू नका, ढोरं पाणी पेतात. घरीच धुवा, आपला प्लांट सारं साफ करते. पुरं गाव तुमचं ऐकून राह्यलं."

शेषरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण बोललो ते गावाने ऐकलं, याचा त्यांना केवढा अभिमान होता! औषध घाणीसारखं खाता येत नाही, ते खाणाऱ्यालाच मारतं, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते तसेच शेजारच्या अन्नपूर्णाबाईंच्या दारात गेले.

"वहिनी, पंप न्हाणीत धुवू नका. वावरातच विसळा अन् ते पाणी पिकावरच मारा. माही चूक झाली."

अन्नपूर्णाबाईंनी दार अर्धंच उघडलं होतं. त्यांनी शेषरावांना नखशिखान्त न्याहाळलं.

"तवा त म्हणे सारं साफ होते. आता नाही म्हणता. कोनं शिकवलं हो तुमाले?"

शेषराव पुन्हा समजवायला लागले, तोवर आत न्हाणीत कोणीतरी पंपाच्या पाण्याची बादली उपडी केली आणि ते पाणी गुडगुडत मोरीतून निघून गेलं.