डाग जाईपर्यंत

माझ्या पोटावर बेंबीखालून सरळ खाली उतरणारी एक रेघ आहे. आज ती शोधायला चष्मा लागतो. पण ती फिकी पडावी म्हणून मी आयुष्यातलं दीड वर्ष खर्ची घातलं, आणि त्या दीड वर्षात जेवढं खोटं बोलले तेवढं बाकीच्या सगळ्या आयुष्यात मिळून बोलले नसेन.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. यांची बदली कलकत्त्याला झाली होती आणि बालीगंजला एका बंगाली विधवा बाईंच्या घरात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. सगळी गल्ली त्यांना मासीमा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायचो. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई त्या वर्षी अंथरुणाला खिळलेली होती आणि पुण्यात सासूबाई नणंदेच्या बाळंतपणात अडकल्या होत्या. 'हिचं आटोपलं की तुझ्याकडे येते,' असं त्यांनी कळवलं होतं. माझ्या मुलीला मात्र कोणाचंच वेळापत्रक मान्य नव्हतं. ती पोटात आडवी होऊन बसली. दीड दिवस मी कळा दिल्या, त्या काय कमी होत्या असं कोणी म्हणू नये. शेवटी डॉक्टरीणबाईंनी यांच्याकडून एका कागदावर सही घेतली आणि पोट उघडून तिला बाहेर काढलं.

यांनी पुण्याला तार केली, 'मुलगी झाली, दोघी सुखरूप.' त्यात खोटं काही नव्हतं. सगळं सविस्तर पत्रात लिहायचं ठरलं होतं. पण आमचं पत्र जाण्याआधीच सासूबाईंचं कार्ड येऊन थडकलं. मी तेव्हा दवाखान्यात पाठीवर पडून होते, हसलं तरी टाके ओढले जायचे. यांनी कार्ड वाचून दाखवलं. 'कळा सोसून मोकळी झालीस. थोरलीसारखे नाजूकपणाचे चोचले केले नाहीस. माझ्या विश्वासाला जागलीस. सगळ्या आळीला बर्फी वाटून सांगितले.'

थोरली म्हणजे माझ्या जाऊबाई. चार वर्षांपूर्वी त्यांचंही असंच ऑपरेशन झालं होतं आणि सासूबाईंनी ते त्यांना अजून माफ केलं नव्हतं. आमच्या घरात बाळंतिणीला रोज पाटावर बसवून सासूबाई स्वतः तेल चोळायच्या. नुसत्या घरातल्याच नाही, आळीतल्या अर्ध्या बाळंतिणी त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. मग शेगडीवर ओवा टाकून शेक, मग जुन्या मऊ लुगड्याने पोट आवळून बांधायचं. जाऊबाईंच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. "कळा न देता मोकळी झाली, तिला कसलं आलंय बाळंतपण," असं म्हणून सासूबाईंनी पाट काढलाच नव्हता. मी तेव्हा त्या घरात नवी नवरी होते. जाऊबाई मोरीत स्वतःचं पाणी स्वतः घेऊन न्हायच्या आणि मी ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

तर आता माझ्या नावाने बर्फी वाटली गेली होती. मी यांना म्हटलं, "पत्रात ऑपरेशनचं लिहू नका."

"अगं, आई इथे येणार आहे. तेल लावताना तिला दिसणार नाही का?"

"डाग जाईपर्यंत सांभाळू काहीतरी."

आईला ऑपरेशनचं सांगण्याचं धैर्य यांच्यातही नव्हतं, ते माझ्या माथी मारून हे मोकळे झाले.

दहाव्या दिवशी टाके काढले. डॉक्टरीणबाई तिथल्याच, बुटक्या आणि करड्या. मी हिंदीत विचारलं, डाग कधी जाईल? त्या म्हणाल्या, जाणार नाही, फिका पडेल. दीड-दोन महिने लाल दिसेल, मग जाड आणि जांभळट होईल, मग खाजेल, खाजलं की समजायचं भरतंय. वर्ष-दीड वर्षात पांढरा होऊन बसेल. काय लावू? काही नको, जखम पुरती सुकली की हलक्या हाताने खोबरेल लावलं तरी पुरे, घासायचं नाही. मी म्हटलं, लवकर होण्यासाठी काही? त्या हसल्या. "थांबायचं," म्हणाल्या. एवढं शिकून बाईंकडे एवढंच औषध होतं.

मासीमांकडे मात्र औषधांना तोटा नव्हता. साय-हळद, चंदन, आणखी कसला तरी पाला. दर रविवारी हे बाजारात गेले की यांचा दाढीचा आरसा घेऊन मी दार लावायचे आणि मासीमा माझ्या पोटासमोर तपासनीसासारख्या बसायच्या. मधली लाल रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके, भिंतीवर चढणाऱ्या गोमेसारखं ते ध्यान दिसायचं. वर भोवतालची कातडी बधिर. चिमटा काढला तरी दुसऱ्या कोणाला काढल्यासारखा वाटायचा. मासीमा मान डोलवून म्हणायच्या, "मिलिये जाबे." मिटून जाईल. दर रविवारी तेच. त्यांच्या त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढायचे.

मुलगी दोन महिन्यांची झाली तेव्हा सासूबाई आल्या. हावड्याला उतरल्या त्या एक ट्रंक, दोन बोचकी आणि चक्क एक पाट घेऊन. ट्रंकेत डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा आणि धुवून धुवून मऊ झालेली दोन लुगडी. टॅक्सीत बसल्या बसल्या त्यांनी माझ्या दंडाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "उद्यापासून सुरू."

दुसऱ्या दिवशी मोरीत पाट मांडला गेला. तेल कोमट करून झालं. मी परकर छातीशी घट्ट बांधून बसले.

"सोड की ते. पोटावर हात कसा फिरवू?"

"पोट नको, आई. घामोळं आलंय, नुसती आग होते."

"बघू."

"बघण्यासारखं नाही हो. चिडलंय."

हे खोटं मी तीन दिवस पुरवलं. चौथ्या दिवशी त्यांचा संशय बळावला, तेव्हा मी मासीमांना कामाला लावलं. मासीमा वर आल्या आणि आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी सासूबाईंना गंभीरपणे समजावलं की कलकत्त्याच्या हवेत बाळंतिणीच्या पोटाला तेल लागलं की फोड उठतात. इथे कोणी लावतच नाही. त्यांनी स्वतःच्या तीन मावश्यांची उदाहरणं दिली. त्यांना एकच मावशी होती हे मला माहीत होतं.

त्या खाली गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मासे तळणाऱ्या बाईला बाळंतपणातलं काय कळतंय?" मासीमा विधवा असल्याने माशाला शिवतही नव्हत्या, पण ते सांगून वाद कशाला वाढवा. शिवाय सासूबाईंच्या स्वतःच्या पाठीवर एव्हाना घामोळ्याने दाटी केली होती, त्यामुळे कलकत्त्याच्या हवेबद्दल त्यांचं मत वाईट झालेलंच होतं. हातपाय, पाठ, डोकं यांवर तह झाला. पोट मात्र त्यांनी चोळीपरकरावरूनच आवळायला सुरुवात केली.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंचं भाकीत खरं ठरलं. डाग खाजायला लागला.

ते खाजणं मी कोणाला सांगू नये आणि कोणी ऐकू नये. वरून कलकत्त्याचा घाम, त्यावर परकर, त्यावर नऊवारी लुगड्याचे सात वेढे, आणि या सगळ्याच्या आत ती रेघ वळवळतेय. हात तर घालता येईना. मी लाटण्याच्या टोकाने दाबून पाहिलं, उलथन्याने पाहिलं. शेवटी गॅलरीतल्या खांबाला पोट टेकून हळूच वर-खाली व्हायचं, हा उपाय सापडला. सासूबाईंनी एकदा मला तसं पकडलं.

"काय गं, गोठ्यातल्या म्हशीसारखी खांब काय घासतेस?"

"खाली भाजीवाला दिसतो का ते बघत होते."

"पोटाने?"

मी आत पळाले. रात्री हे तोंडावर उशी घेऊन हसत होते आणि मला हसताही येत नव्हतं, कारण हसलं की अजूनही आत ओढ बसायची.

दोन महिने राहून सासूबाई परत गेल्या. निघताना माझ्या मुलीची दृष्ट काढली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू खंबीर निघालीस. थोरलीला तुझं उदाहरण देते मी." मी वाकून नमस्कार केला. खोटं पचल्याचा आनंद स्टेशनपासून घरापर्यंत टिकला. ट्रॅममध्ये मात्र जाऊबाई डोळ्यांसमोर येऊन बसल्या. मोरीत एकट्या पाणी घेणाऱ्या. माझी शाबासकी त्यांच्या अंगावरचं कापड काढून मला पांघरली होती, हे मला कळत होतं. कळूनही ती मला हवीच होती. तेवढी मी लबाड होते.

त्यानंतर रविवारची तपासणी मी अधिकच मन लावून केली. सहाव्या महिन्यात जांभळट रंग उतरून तपकिरी आला. ठिपके एकेक करून गळाले. खाज थांबली. वर्षाला रेघ वरच्या बाजूने पांढरी व्हायला लागली. फक्त खालचं बोटभर टोक हट्टाने जाडच राहिलं. मासीमा त्या टोकाला नाव ठेवून शिव्या द्यायच्या. दीड वर्ष होत आलं तेव्हा खिडकीच्या उजेडातही रेघ पटकन दिसेना. माझी मीच पोटाला म्हटलं, जिंकलो.

म्हणून दिवाळीनंतर सासूबाई पुन्हा आल्या तेव्हा मी निर्धास्त होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, वर्तमानपत्राचे मथळेसुद्धा नाकाशी धरून वाचायच्या. आठवड्याभरात एका दुपारी त्यांनी तेल गरम केलं.

"चल, बस. मागल्या खेपेला पोट राहिलं होतं. अर्धवट काम मला चालत नाही."

मी खुशाल पाटावर बसले. त्या नेहमीसारख्या भिंतीकडे बघत चोळत होत्या. चोळताना त्या अंगाकडे कधी बघायच्याच नाहीत. हे मला दोन महिने रोज दिसलं होतं, पण त्याचा अर्थ डोक्यात शिरला नव्हता. दीड वर्ष मी डोळ्यांपासून लपवत बसले होते, आणि त्या बोटांनी बघायच्या.

हात पोटावर आला आणि थांबला. परत वर गेला. मग एका बोटाने रेघ खालपासून वरपर्यंत, त्या हट्टी टोकासकट, सावकाश उतरवून घेतली. आता पाट उचलला जाणार, बर्फी परत मागितली जाणार, एवढंच डोक्यात होतं.

"किती टाके?"

"चौदा."

"कोणी घातले?"

"इथल्या डॉक्टरीणबाईंनी."

"हात चांगला आहे बाईचा." त्यांनी वाटीत बोटं बुडवली आणि पुन्हा तेल लावायला घेतलं, तिथेच, त्या रेघेवर, अगदी हलक्या हाताने. मग भिंतीकडे बघतच म्हणाल्या, "माझी आई तीन दिवस अडली होती. मी सहा वर्षांची. दाराबाहेर बसून ऐकत होते. बायका आतून सांगत होत्या, सोस, सोस. तिने सोसलं की गं सगळं." त्यांचा हात थांबला नाही. "तिला कोणी असं फाडून शिवलं असतं, तर मला आई असती."

मला रडू फुटलं. भीती गेल्याचं होतं, लाजेचं होतं, आणि त्या सहा वर्षांच्या मुलीसाठीही होतं. पाटावर तेल माखून रडणारी सून बघून त्यांनी माझ्या डोक्यात एक टपली मारली.

"मला फसवलंस, लबाड. खांब घासत होतीस ते हेच ना?"

"हो."

"पुण्यात मात्र अवाक्षर काढू नकोस. मी सगळ्या आळीला सांगून बसलेय."

"आणि जाऊबाईंचं काय, आई?"

मी हे कसं विचारलं कोण जाणे. त्यांनी वाटी खाली ठेवली. उठल्या आणि बंबातलं पाणी काढायला गेल्या. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलं.

त्या परत गेल्यावर तीन आठवड्यांनी जाऊबाईंचं पत्र आलं. एरवी त्या मला सणासुदीला दोन ओळींचं कार्ड टाकायच्या, हे चांगलं बंद पाकीट होतं.

'तुम्ही सासूबाईंना तिकडे काय खाऊ घातलंत ते कळवा,' असं लिहिलं होतं. 'माझा मुलगा शाळेत जायला लागला, आणि काल भर दुपारी त्यांनी मला बाळंतिणीसारखं पाटावर बसवलं. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाल्या, राहिलं होतं.'